पाच शिलिंग, एक पेनी आणि लाल ‘एल’ : मोटारसायकलच्या परवान्याआधी ज्ञानाची परीक्षा कुठून आली?

१/
१३ मे १९३५. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील एका अरुंद रस्त्यावरून शेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी परतत होते. पुढे सायकलवरून जाणारी दोन मुले त्यांना फार उशिरा दिसली. मुलांना चुकवताना गाडीवरचा ताबा सुटला, स्वार पुढे फेकला गेला आणि डोके आपटले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवस ते बेशुद्धावस्थेत होते. १९ मे रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे नाव टी. ई. लॉरेन्स. जग त्यांना ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते.

२/
हेच लॉरेन्स १९२७ मध्ये नाव बदलून, हवाई दलातील एक साधे सैनिक म्हणून कराचीच्या छावणीत राहिले होते. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. १९२९ च्या जानेवारीत ते मायदेशी परतले तेही मुंबई बंदरातूनच. हे जाता जाता. या धाग्याचा विषय लॉरेन्स नाहीत, त्यांच्या अपघातानंतर एकोणीस दिवसांनी घडलेली गोष्ट आहे.

३/
१ जून १९३५ पासून ब्रिटनमध्ये मोटार वा मोटारसायकल चालवू इच्छिणाऱ्या नव्या माणसाला परीक्षा देणे सक्तीचे झाले. हाताची परीक्षा आणि डोक्याचीही. रस्त्याचे नियम ठाऊक आहेत का, खुणांचा अर्थ कळतो का, हे विचारल्याशिवाय परवाना मिळणार नव्हता. आज आरटीओच्या शिकाऊ परवान्यासाठी जी प्रश्नोत्तरे पाठ केली जातात, त्यांची वंशावळ थेट या दिवसापर्यंत जाऊन भिडते. परंतु त्याआधीची बत्तीस वर्षे अधिक चमत्कारिक आहेत.

४/
परीक्षेची कल्पना मुळात इंग्रजांची नव्हे. पॅरिसचे पोलीसप्रमुख लुई लेपीन यांनी १४ ऑगस्ट १८९३ रोजी एक हुकूम काढला. त्यानुसार शहरात यांत्रिक वाहन हाकणाऱ्याला आपली पात्रता सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यावे लागे. १८९९ मध्ये ही पद्धत संपूर्ण फ्रान्सला लागू झाली. तपासणीचे काम गेले खाण विभागाच्या अभियंत्यांकडे. हे विचित्र वाटते खरे. पण देशभरातील बाष्पपात्रांची तपासणी त्यांच्याकडेच असे, आणि आरंभीची कित्येक वाहने वाफेवरच चालत. म्हणजे या परीक्षेमागची पहिली भीती माणूस गाडीखाली सापडण्याची जितकी होती, तितकीच बॉयलर फुटण्याचीही होती.

५/
प्रशियातही १९०३ मध्ये परीक्षा आली. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने मोटार कायदा संमत केला आणि अगदी उलटा मार्ग धरला. १ जानेवारी १९०४ पासून चालकाला परवाना आवश्यक झाला. त्यासाठी करायचे काय? परगण्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा, पाच शिलिंग भरायचे, परवाना घ्यायचा. बस्स. कुणी काही विचारणार नाही. वाहन चालवता येते का, हेही नाही.

६/
या परवान्याचा हेतू समजून घेतला पाहिजे. तो पात्रतेचा दाखला नव्हता, ओळखीचे साधन होता. मोटार धूळ उडवीत निघून जाते आणि मागे कोंबड्या, कुत्री, क्वचित माणसेही पडलेली असतात. मग पोलिसाने शोधायचे कुणाला? यासाठी वाहनाला क्रमांक आणि चालकाला परवाना. गुन्हा घडल्यावर माणूस सापडावा एवढीच त्याची धाव. गुन्हा घडू नये यासाठी आधी काही करावे, हा विचार त्या कायद्यात नव्हता.

७/
आता वयाची अट पाहा. मोटारीसाठी किमान वय सतरा. मोटारसायकलसाठी चौदा!

आज हे वाचून डोळे विस्फारतात. परंतु १९०३ ची मोटारसायकल म्हणजे बहुधा सायकलच्या सांगाड्यावर बसवलेले छोटे इंजिन, आणि सायकल तर मुले चालवतच होती. कायदा करणाऱ्यांच्या नजरेत ते घोडागाडीपेक्षा सायकलच्या जवळचे वाहन होते. यंत्राची ताकद वर्षागणिक वाढत गेली, कायद्यातील आकडा मात्र जागचा हलला नाही. पहिले महायुद्ध होऊन गेले, त्यात मोटारसायकलवरील निरोप्यांनी आघाड्यांवर संदेश पोहोचवले, लष्कराच्या उरलेल्या गाड्या बाजारात आल्या, आणि तरीही चौदा वर्षांचा मुलगा पाच शिलिंग भरून शक्तिशाली गाडीवर बसू शकत होता. ही मर्यादा सोळावर गेली ती थेट १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने.

८/
१९३० चा हा कायदा मोठा अंतर्विरोधी होता. एकीकडे त्याने विमा सक्तीचा केला, वय वाढवले. दुसरीकडे मोटारींवरील ताशी वीस मैलांची वेगमर्यादा साफ काढून टाकली. युक्तिवाद असा की ती कुणीच पाळत नाही, मग ठेवायची कशाला? सभ्य नागरिकाला नियम समजावून सांगितले की तो आपोआप नीट वागेल, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची धारणा होती. या धारणेतूनच एक छोटी पुस्तिका जन्माला आली.

९/
१४ एप्रिल १९३१ रोजी ‘हायवे कोड’ प्रसिद्ध झाला. किंमत एक पेनी. सल्ल्याची पाने जेमतेम अठरा, बाकी जाहिराती. त्या वेळी ब्रिटनमध्ये सुमारे तेवीस लाख मोटारवाहने होती आणि रस्त्यावर दरवर्षी सात हजारांहून अधिक माणसे मरत होती. मोटारचालक, मोटारसायकलस्वार, सायकलस्वार, पादचारी, इतकेच काय घोडागाडीवाला, सर्वांसाठी एकच पुस्तक.

१०/
त्या पहिल्या आवृत्तीत मोठा भाग होता हातांच्या इशाऱ्यांचा. गाड्यांना वळण्याचे दिवे नव्हते. उजवीकडे वळायचे तर हात बाहेर काढायचा, वेग कमी करायचा तर हात वरखाली हलवायचा. घोडागाडीवाल्याने थांबताना वा वळताना चाबूक कसा फिरवावा, हेही त्यात सांगितले होते. पाठीमागचे दाखवणाऱ्या आरशाचा मात्र उल्लेखच नव्हता. पुढच्या आवृत्तीत रस्त्यावरील खुणांची चित्रे आली, तीही अवघी दहा. आजच्या उमेदवाराला शंभराहून अधिक खुणांच्या तक्त्यापुढे बसवले जाते. त्याने त्या दहांचा हेवा करायला हरकत नाही.

११/
पण एक पेनीचे पुस्तक विकत घेणे आणि ते वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचणे आणि लक्षात ठेवणे याही वेगळ्याच. ‘हायवे कोड’ हा उपदेश होता, त्याला दात नव्हते. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली आणि २,३१,६०३ जखमी झाली. मृतांपैकी निम्मे पादचारी होते. उपदेशाने भागत नाही, हे या आकड्यांनी सांगितले.

१२/
त्या वर्षी वाहतूक मंत्री म्हणून आले लेस्ली होर-बेलिशा. चाळिशीतले, प्रसिद्धीची उत्तम जाण असलेले आणि हेकट. पदावर आल्यावर थोड्याच काळात लंडनच्या कॅमडेन भागात रस्ता ओलांडताना एका भरधाव मोटारीखाली येता येता ते वाचले. पादचाऱ्यांच्या ओलांडणीवर पिवळ्या-नारिंगी गोळ्यांचे खांब त्यांनीच उभारले. इंग्रजीत त्या खांबांना आजही त्यांचे नाव आहे. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी तीस मैलांची मर्यादा त्यांच्याच काळात परत आली. आणि १९३४ च्या कायद्याने परीक्षाही.

१३/
ही परीक्षा सर्वांना नव्हती. १ एप्रिल १९३४ पूर्वी ज्याने परवाना घेतला, त्याला कुणी हात लावणार नव्हते. लक्षावधी अनुभवी मतदारांना परीक्षेला बसवण्याची हिंमत कोणत्या मंत्र्यात असणार? तेव्हा लॉरेन्स आणखी तीन आठवडे जगले असते, तरी हा कायदा त्यांना लागू झाला नसता. त्यांना नियम ठाऊक नव्हते असेही नाही. कित्येक वर्षे आणि कित्येक ब्रफ गाड्या त्यांनी चालवल्या होत्या. या अपघाताची गाठ परीक्षेशी नव्हती. ती दुसऱ्याच गोष्टीशी होती. ती पुढे येईल.

१४/
एकदम गर्दी उसळू नये म्हणून मार्च १९३५ पासून ऐच्छिक परीक्षा सुरू झाली. शुल्क साडेसात शिलिंग, म्हणजे परवान्यापेक्षाही महाग. परीक्षा केंद्रे नव्हती. परीक्षक आणि उमेदवार आधी पत्राने ठरवून एखाद्या उद्यानापाशी, रेल्वे स्थानकाबाहेर वा नगरभवनासमोर भेटत. अर्ध्या तासाची परीक्षा. एकेका परीक्षकाला दिवसाला नऊ ते सोळा उमेदवार. पहिल्या खेपेस सुमारे २,४६,००० अर्ज आले. उत्तीर्णांचे प्रमाण ६३ टक्के.

१५/
मोटारीच्या परीक्षेत परीक्षक शेजारी बसे. मोटारसायकलवर बसणार कुठे? मागे बसून जीव धोक्यात घालण्यास कोण तयार होईल? मग पद्धत अशी पडली: परीक्षक फुटपाथवर उभा राहायचा, उमेदवाराने ठरलेल्या रस्त्यांनी फेऱ्या मारायच्या. परीक्षकाला दिसेल तेवढीच परीक्षा. कोपऱ्यापलीकडे स्वार काय करतो ते देवालाच ठाऊक. आणि शेवटी एका फेरीत परीक्षक अचानक रस्त्यात पाऊल टाकून हात वर करी. तेवढ्या अंतरात गाडी न घसरता थांबवायची. परीक्षकाने भलत्याच मोटारसायकलपुढे पाऊल टाकले आणि थेट रुग्णालयात पोहोचला, ही दंतकथा ब्रिटिश मोटारसायकलस्वारांच्या तीन पिढ्यांनी एकमेकांना सांगितली आहे.

१६/
त्यानंतर यायचा ज्ञानाचा भाग. गाडी कडेला लावून उमेदवार उभा राही आणि परीक्षक ‘हायवे कोड’मधले चार-सहा प्रश्न तोंडी विचारी. ओल्या रस्त्यावर काय काळजी घ्याल? ही खूण कशाची? पुढे जाणाऱ्याला केव्हा ओलांडू नये? तयारीसाठी तीच एक पेनीची पुस्तिका. उपदेशाला अखेर दात फुटले ते इथे: जे पुस्तक चार वर्षे खिशात पडून होते, ते आता पाठ करणे भाग झाले. हे प्रश्न विचारण्याची पद्धत इतकी चिवट ठरली की ती पुढे एकसष्ट वर्षे टिकली.

१७/
१९३९. युद्ध जवळ आले आणि २ सप्टेंबरला परीक्षा थांबवल्या. परीक्षकांना पेट्रोलच्या रेशनिंगवर देखरेखीसाठी पाठवले. रात्री संपूर्ण अंधार, गाड्यांचे दिवे झाकलेले, आणि परवाने पुन्हा विनापरीक्षा. १९४१ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्या देशाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वार्षिक आकडा आहे. यात परीक्षा बंद असण्याचा वाटा किती, हे वेगळे काढता येणार नाही. अंधाराचा वाटा निश्चितच मोठा होता.

१८/
याच काळात ऑक्सफर्डमधील एक मेंदूशल्यविशारद आकडे जमवत बसला होता. नाव ह्यू केर्न्स, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९३५ च्या मे महिन्यात लॉरेन्स यांच्या उशाशी ज्या डॉक्टरांना बोलावले होते, त्यांत केर्न्स होते. करण्यासारखे काहीच उरले नव्हते. त्या सहा दिवसांनी त्यांना सोडले नाही, असे त्यांच्या पुढच्या कामावरून म्हणता येते.

१९/
ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला. युद्धापूर्वीच्या एकवीस महिन्यांत १,८८४ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत २,२७९. पेट्रोल मोजून मिळत असताना वाढ एकवीस टक्क्यांची. मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याची दुखापत. आणि शिरस्त्राण घातलेल्या ज्या सात जखमी स्वारांची नोंद केर्न्स यांना मिळाली, त्यांपैकी एकही मेला नव्हता.

२०/
सात. केवळ सात. आजचा कोणताही संख्याशास्त्रज्ञ नाक मुरडेल. पण त्या वेळी शिरस्त्राण घालणारे होतेच किती? केर्न्स यांनी आपल्या पुराव्याची तोकडी बाजू झाकली नाही आणि तरीही आग्रह धरला. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. पुढे १९४६ मध्ये केर्न्स यांनी दाखवून दिले की त्यानंतर लष्करी स्वारांचे मृत्यू उतरत गेले. नागरिकांसाठी मात्र सक्ती यायला १ जून १९७३ उजाडला. केर्न्स त्याआधी एकवीस वर्षे, १९५२ मध्येच वारले होते.

२१/
परीक्षेच्या कथेत शिरस्त्राण कशाला, असे कुणी विचारील. कारण असे की १९३५ च्या व्यवस्थेचा सारा भर ‘स्वाराला काय ठाऊक आहे’ यावर होता. केर्न्स यांनी दाखवले की सर्व ठाऊक असलेल्या, वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाच्याही समोर अचानक दोन सायकली येतात. त्यानंतर ज्ञान कामी येत नाही, डोक्यावर काय आहे ते कामी येते. आज प्रश्नसंचांत शिरस्त्राणाचा प्रश्न हटकून असतो. १९३१ च्या पुस्तिकेला तो सुचलाही नव्हता.

२२/
सक्तीच्या १९७३ च्या नियमाला ब्रिटनमधील शिखांनी विरोध केला. पगडी उतरवून शिरस्त्राण घालणे त्यांच्या धर्माचरणात बसत नव्हते. संघर्षानंतर १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन पगडीधारी शिखांना सूट मिळाली. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही, कलम १२९ मध्ये, तशीच सूट आहे.

२३/
परत परीक्षेकडे. १ नोव्हेंबर १९४६ ला त्या पुन्हा सुरू झाल्या. युद्धकाळात तात्पुरते परवाने घेतलेल्यांना पुढे वर्षभर ते विनापरीक्षा पक्के करून घेण्याची मुभाही मिळाली. दहा वर्षांनी सुएझचे संकट आले, पेट्रोल आटले, आणि नोव्हेंबर १९५६ पासून काही महिने परीक्षक पुन्हा रेशनिंगच्या कामाला जुंपले गेले. शिकाऊ मंडळींना त्या काळात सोबतीशिवाय गाडी चालवण्याची परवानगी मिळाली. पेट्रोल आणि परीक्षक यांचे हे नाते गमतीचेच म्हणायचे.

२४/
मोटारसायकलच्या बाबतीत मोठे भगदाड वेगळेच होते. शिकाऊ मोटारचालकाशेजारी परवानाधारक बसणे बंधनकारक; शिकाऊ मोटारसायकलस्वार मात्र एकटा, आणि १९६१ पर्यंत कितीही मोठ्या इंजिनावर. त्या वर्षी शिकाऊंसाठी २५० सीसीची मर्यादा आली, १९८० च्या दशकात ती १२५ वर उतरली. अनेक जण परीक्षाच देत नसत. शिकाऊ परवान्याचे नूतनीकरण करत वर्षे काढत. मग त्या परवान्यालाही मुदत घातली गेली. डिसेंबर १९९० पासून रस्त्यावर एकट्याने येण्याआधी प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे झाले. फुटपाथवरचा परीक्षकही याच सुमारास इतिहासजमा झाला. तो आता मागून दुसऱ्या मोटारसायकलवर, बिनतारी यंत्रावरून सूचना देत येऊ लागला.

२५/
१ जुलै १९९६ रोजी तोंडी प्रश्न संपले. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशानुसार ब्रिटनने स्वतंत्र लेखी परीक्षा आणली. पर्यायी उत्तरांचे पस्तीस प्रश्न, कागद आणि पेन्सिल. २००० मध्ये ती संगणकाच्या पडद्यावर गेली. नोव्हेंबर २००२ पासून चित्रफिती दाखवून धोका केव्हा ओळखला जातो, हेही मोजले जाऊ लागले. आज तेथे मोटारसायकलच्या उमेदवाराला पन्नासपैकी त्रेचाळीस उत्तरे बरोबर द्यावी लागतात, आणि चित्रफितींत पंच्याहत्तरपैकी चव्वेचाळीस गुण मिळवावे लागतात.

२६/
आणि आपल्याकडे? १९१४ आणि १९३९ च्या कायद्यांनंतर सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, अंमल १ जुलै १९८९ पासून. शिकाऊ परवान्याआधीची ज्ञानपरीक्षा केंद्रीय नियमावलीतील नियम ११ मध्ये आहे. विषय चार: वाहतुकीच्या खुणा व नियम, अपघातात कुणी मेले वा जखमी झाले तर चालकाची कर्तव्ये, पहारा नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, जवळ बाळगायची कागदपत्रे. किमान साठ टक्के उत्तरे बरोबर हवीत. २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्याही देता येते.

२७/
त्यातील तिसरा विषय पाहण्यासारखा आहे. ब्रॉडगेज मार्गांवरील पहारा नसलेली सर्व फाटके रेल्वेने २०१९ च्या आरंभापर्यंत बंद केली. १९८९ मध्ये हा प्रश्न घालणाऱ्यांसमोर मात्र तो रोजच्या मृत्यूंचा प्रश्न होता. वयाच्या अटीतही असाच जुना काळ गोठला आहे: ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी सोळा वर्षे पुरेशी. पुण्याच्या कायनेटिकची लुना ज्या दिवसांत घरोघरी होती, त्या दिवसांना ही अट शोभत होती. पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी गाडी आज शोधावी लागेल.

२८/
शेवटी ती लाल ‘एल’ची पाटी. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये ती आली तेव्हा पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, पाटी सात इंच चौरस; अक्षर चार इंच उंच, साडेतीन इंच रुंद, दीड इंच जाड. भारताच्या १९८९ च्या नियमावलीतील नियम ३ काढून वाचावा. पाटी किमान अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर दहा सेंटिमीटर उंच, तळाशी नऊ सेंटिमीटर रुंद. गुणाकार करून पाहिला तर सात इंच म्हणजे १७.७८ सेंटिमीटर, चार इंच म्हणजे १०.१६, साडेतीन इंच म्हणजे ८.८९. होर-बेलिशांच्या काळची मापे, फक्त दशमान पद्धतीत उतरवलेली. जाडी तेवढी वेगळी आहे. दीड इंचाचे पावणेचार सेंटिमीटरहून थोडे अधिक व्हायला हवे होते. आपल्या नियमात ती दोन सेंटिमीटर आहे.